काना-मात्रेची तक्रार

गेल्या दिवाळीत आम्ही गलोंड्याला गेलो होतो. गाव फारसे कुणाच्या ऐकण्यातले नाही. दादरा आणि नगर हवेलीत, सिल्वासाजवळ ते आहे. माझी धाकटी मेहुणी तिथे राहते. साडू सिल्वासाच्या एका सूत कारखान्यात कामाला आहेत. मुंबईत गाडी बदलायची, वापीला उतरायचे आणि पुढे रस्त्याने जायचे, असा तो प्रवास.

तिथे गेले की मला आपल्या भागाची आठवण होते, कारण तोही एक प्रकारे सीमाभागच. १९५४ मध्ये तो पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला, १९६१ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० मध्ये दमण-दीवशी जोडला गेला. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. कानावर गुजराती, हिंदी, मराठी, वारली, कोकणा अशा सगळ्याच भाषा पडतात. मेहुणीच्या उंबरठ्याच्या आत मात्र शुद्ध धारवाडी कन्नड. तिचा मुलगा मला 'दोड्डप्पा' म्हणतो आणि माझ्याशी मराठी बोलतो, आईशी कन्नड, मित्रांशी हिंदी. आपल्या वाचकांच्या घरांत यात नवल असे काहीच नाही.

मेहुणी शेजारच्या बायकांचा एक बचत गट चालवते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गटातली एक बाई हप्त्याचे शंभर रुपये घेऊन आली. वयाने पन्नाशीची असेल. गेल्या दोन वर्षांत ती अक्षरे शिकली आणि आता अंगठ्याऐवजी सही करते, याचे मेहुणीला मोठे कौतुक. तिने पैसे दिले आणि सही करायला कागद पुढे ओढला. कागद संगणकावर छापलेला, नवा कोरा. त्यावरून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. पुन्हा एकदा फिरवले. मग हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव काढलं काय?"

नाव काढले नव्हते. सगळी यादी इंग्रजी अक्षरांत होती, एवढेच. मेहुणी ओशाळली. तिने कपाटातून जुनी वही काढली, त्यातल्या देवनागरी नावासमोर सही घेतली आणि बाईंच्या हातावर फराळाची बशी ठेवली. भाचा कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

तो यादीचा कागद त्यानेच तयार केला होता. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणे झाल्यावर मी त्याला विचारले, "अरे, नावं इंग्रजीत का घातलीस?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दोड्डप्पा, आधी देवनागरीतच केलं होतं. चाललं नाही."

हळूहळू सगळे बाहेर आले. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी त्याने आईच्या बचत गटाचाच कार्यक्रम लिहिला होता. वहीतली ओळ वाचायची, तिच्यातून नाव आणि रक्कम वेगळी करायची, नाव बरोबर आहे का ते तपासायचे आणि महिन्याचा हिशेब छापायचा. परीक्षेच्या दिवशी कार्यक्रम चालवला तर निम्म्याहून अधिक नावे 'चुकीची' म्हणून परत आली आणि उरलेल्यांतल्या काहींचे तुकडे झाले. परीक्षक म्हणाले, "इंग्रजीत टाक ना नावं, कशाला नसता उद्योग?" गुण कापले गेले ते गेलेच. पण त्यापेक्षा त्याच्या मनात जे बसले होते ते मला जास्त लागले. तो म्हणाला, "कॉम्प्युटरला आपली भाषा जमत नाही, दोड्डप्पा. आपली लिपीच तशी आहे."

मी मराठी शिकवतो. संगणकाच्या भाषांतले मला काही कळत नाही. पण 'आपली लिपीच तशी आहे' हे वाक्य मला तसेच सोडवेना. मी म्हणालो, "मला दाखव तरी. कुठली नावं चालली आणि कुठली नाही?"

त्याने लॅपटॉप उघडला. आम्ही वहीतली नावे एकेक करून त्याला विचारू लागलो. प्रश्न साधाच होता: या शब्दात सगळी अक्षरेच आहेत ना? 'कमल' घातले, उत्तर आले 'होय'. 'सीमा' घातले, 'नाही'. 'शरद' होय, 'सविता' नाही. 'अमर' होय, 'गीता' नाही. मला गंमत वाटू लागली म्हणून मी गावांची नावे सांगितली. बेळगाव नाही, चिकोडी नाही, निपाणी नाही, कागल नाही. गदग मात्र होय आणि जत होय! ज्या प्रदेशात आम्ही बसलो होतो त्याच्या लांबलचक नावातले 'नगर' आणि 'दमण' पास. 'दादरा', 'हवेली' आणि 'दीव' नापास. गलोंडा अर्थातच नापास.

चौथीतल्या मुलालाही कळेल असे ते कोडे होते. ज्या शब्दांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही, तेवढेच पास होत होते. लहानपणी आपण पहिल्यांदा शिकतो ते 'कमल बघ, गवत बघ' एवढेच त्या यंत्राला मान्य होते. बाराखडीचे पान त्याने उलटलेच नव्हते.

मी हे बोललो तसा भाचा सरळ बसला. त्याने लगेच दुसरा प्रयोग केला. 'या शब्दातले शब्द वेगळे करून दे' असे यंत्राला सांगितले आणि 'गलोंडा' दिले. पडद्यावर दोन तुकडे आले: 'गल' आणि 'ड'. 'कन्नड' दिले तर 'कन' आणि 'नड'. 'मराठी' दिले तर 'मर' आणि 'ठ'. यावर आम्ही दोघेही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही.

त्या रात्री त्याने मला जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी एक क्रमांक दिलेला आहे. त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. क्रमांकाबरोबर प्रत्येक चिन्हाची जातही लिहिलेली असते. 'क', 'म', 'अ' यांची जात 'अक्षर'. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह यांची जात 'जोडचिन्ह'. कन्नड लिपीतही अशीच वाटणी आहे. यात युनिकोडचे काही चुकले नाही. आपले व्याकरणही स्वर आणि स्वरचिन्ह वेगळे मानते. चूक पुढे झाली. भाचा ज्या भाषेत कार्यक्रम लिहितो ती पायथॉन नावाची. तिच्यात शब्द म्हणजे काय हे ठरवणारा जो नियम आहे, तो फक्त 'अक्षर' आणि 'अंक' या जातींना शब्दात प्रवेश देतो. जोडचिन्ह दिसले की शब्द संपला असे समजतो. इंग्रजीत ए, ई, आय ही स्वतंत्र अक्षरेच असल्यामुळे तिथे हा नियम कधी अडत नाही. आपल्याकडे व्यंजनाला स्वर लागला की तो चिन्ह होऊन अंगाला चिकटतो. त्यामुळे आपला जवळजवळ प्रत्येक शब्द त्या दारात अडकतो.

गंमत अशी की याच पायथॉनच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत कार्यक्रमातल्या गोष्टींना देवनागरी नावे देण्याची सोय आहे. भाच्याने एका खणाला 'मराठी' असे नाव दिले, ते बिनतक्रार चालले. म्हणजे नाव म्हणून 'मराठी' चालते; पण 'यात सगळी अक्षरे आहेत का' असे विचारले की 'नाही' म्हणते. एकाच घरातल्या दोन खोल्यांत दोन वेगवेगळे कायदे!

इथे ही भाषा कुणाची आहे हे सांगायला हवे. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या अखेरीस ॲम्स्टरडॅममध्ये तिची सुरुवात केली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. पायथॉन हे नाव अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. ती 'ओपन सोर्स' आहे. हॉटेलातल्या भाजीत मीठ कमी पडले तर आपण वेटरला सांगतो आणि गप्प बसतो. आपल्याच घरात कमी पडले तर उठून स्वयंपाकघरात जातो, डबे बघतो, हवे तर मीठ घालतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचे स्वयंपाकघर सर्वांना उघडे आहे असे घर. भाषेची सगळी आतली मांडणी कुणीही वाचू शकतो, दोष आढळला तर कळवू शकतो आणि जमत असेल तर दुरुस्ती करून पाठवू शकतो. ती स्वीकारायची की नाही हे भाषेची देखभाल करणारी मंडळी ठरवतात. त्यांतले बरेच जण नोकरी सांभाळून फुकट काम करणारे आहेत.

"मग कळव की," मी म्हणालो.

"मी?" तो म्हणाला. "गलोंड्यातून? माझं कोण ऐकणार?"

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. आपल्या भागातल्या मुलांच्या तोंडी मी तो अनेकदा ऐकला आहे. मी म्हणालो, "ऐकतील न ऐकतील, आधी नीट लिहून तर काढ. आणि आधी कुणी हेच कळवलंय का तेही बघ."

त्याने शोधले, आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा पडला. हीच तक्रार २००७ सालीच नोंदवलेली होती. तेव्हा हा पाळण्यात होता. देवनागरी मजकुरातले शब्द शोधायला गेले तर त्यांचे बारीक तुकडे होतात, बहुधा स्वरचिन्हे धरली जात नाहीत म्हणून, असे कुणीतरी अगदी शांतपणे लिहून ठेवले होते. भाच्याला वाटले, इतक्या वर्षांत काही झाले नाही म्हणजे विषय संपला. मला मात्र ती नोंद वाचून वेगळेच वाटले. वर्गात अर्ज-लेखन शिकवताना मी जे घसा कोरडा करून सांगतो ते सगळे तिच्यात होते. काय करायला गेलो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, कारण काय असावे आणि काय केले म्हणजे सुधारेल. पायथॉनची कुठली आवृत्ती आणि कुठले विंडोज वापरले तेही लिहिलेले. शिवाय ज्याला शंका असेल त्याने स्वतः चालवून पाहावा असा छोटासा कार्यक्रम. कुठेही 'आमच्या भाषेवर अन्याय' असा सूर नाही. वाचणाऱ्याला मान्य करण्यावाचून गत्यंतरच उरू नये, अशी ती मांडणी.

मला ग्रेस हॉपर यांच्या चमूची गोष्ट आठवली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्रात बिघाड झाला. शोधल्यावर एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो काढला आणि कामाच्या वहीत चिकटवला. शेजारी वेळ लिहिली, दुपारचे पावणेचार, रिले क्रमांक सत्तर, पॅनल एफ. बिघाडाला 'बग' म्हणण्याची रीत त्याआधीपासूनच होती, म्हणून कुणीतरी खाली गमतीने लिहिले की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. मला त्या पतंगापेक्षा ती नोंद मोठी वाटते. त्यांनी यंत्राला शिव्या दिल्या नाहीत. कुठे, केव्हा, काय सापडले ते लिहिले.

तक्रार करण्यात आपण सीमाभागातली माणसे कुणाला हार जाणार नाही. पाण्याची, रस्त्याची, पाटीवरच्या भाषेची, बसच्या वेळेची. पण आपली तक्रार बहुतेक वेळा कट्ट्यावर सुरू होते आणि कट्ट्यावरच संपते. ऐकणाऱ्याला दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी तक्रार लिहायला वेळ लागतो आणि राग थोडा बाजूला ठेवावा लागतो. हे मी इतरांना सांगतो आहे असे नाही. मलाही ते त्या रात्रीच नीट उमगले.

मग इतक्या वर्षांत दुरुस्ती का झाली नाही? आम्ही ती सगळी चर्चा वाचली. २०११ मध्ये टॉम क्रिस्चनसन या जाणकाराने हाच मुद्दा पुन्हा, जरा कडक शब्दांत मांडला होता: शब्दाच्या व्याख्येत जोडचिन्हे धरावीत असे युनिकोडच्याच मार्गदर्शनात आहे आणि पायथॉन ते पाळत नाही. पर्ल नावाची दुसरी भाषा ते पाळते. मुद्दा चुकीचा आहे असे कुणी म्हटल्याचे आम्हाला दिसले नाही. अडचण दुसरी आहे. जगभरातले असंख्य कार्यक्रम आजच्या नियमावर उभे आहेत. नियम बदलला तर आज बरोबर चालणारे कुठे काय मोडेल हे सांगता येत नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षे मिठाचा डबा चुलीच्या डाव्या हाताला ठेवलेला असतो. जागा गैरसोयीची आहे हे सगळ्यांनाच कळते. पण तो हलवला की पहिले आठ दिवस घरातल्या प्रत्येकाच्या आमटीत साखर पडते. म्हणून तो हलत नाही. हे कारण पटावे असा माझा आग्रह नाही, पण समजून घ्यायला हवे. 'त्यांना आपली भाषा नको आहे' आणि 'त्यांना घर मोडायची भीती आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तक्रार वायाही गेली नव्हती. मॅथ्यू बार्नेट या गृहस्थांनी 'रेजेक्स' नावाचा वेगळा संच लिहिला आहे. तो पायथॉनला बाहेरून जोडता येतो आणि त्यात शब्दाची व्याख्या रुंदावलेली आहे. त्याच्या माहितीपत्रकात याच २००७ च्या नोंदीचा क्रमांक दिलेला सापडला तेव्हा भाच्याने जवळजवळ उडीच मारली. पायथॉनच्या अधिकृत माहितीपुस्तकातही, आमचा 'अक्षर' हा अर्थ युनिकोडच्या व्यापक अर्थापेक्षा वेगळा आहे, असा खुलासा छापलेला आहे. म्हणजे मूळ नियम आम्ही पाहिला तेव्हाही तसाच असला, तरी नोंद वाचून कुणी वळणाचा रस्ता बांधला होता आणि रस्त्यावर फलकही होता. भाच्याने कार्यक्रमातली एक ओळ बदलून तो संच जोडला. 'गलोंडा' अखंड बाहेर आले. 'मराठी' आणि 'कन्नड'सुद्धा.

शब्दांचे तुकडे होणे थांबले, पण नावे 'चुकीची' ठरणे थांबले नाही. त्या तपासणीसाठी भाच्याने परदेशातल्या कुणा एकाने लिहून खुला ठेवलेला छोटासा कार्यक्रम वापरला होता, आणि त्याच्या पोटात तोच जुना नियम होता. इथे मात्र भाचा हटला नाही. मूळ भाषा मोठी, तिचे डबे हलवणे कठीण. पण हा तर एकट्या माणसाचा कार्यक्रम. भाऊबिजेच्या रात्री तो लिहायला बसला. इंग्रजी त्याचे, मांडणी माझी. पहिल्या मसुद्यात 'भारतीय भाषांकडे दुर्लक्ष' असे एक वाक्य होते, ते मी त्याला खोडायला लावले. त्याऐवजी दोन नावे घातली: 'कमल' चालते, 'सीमा' चालत नाही. दुरुस्तीही त्याने तयार केली. 'अक्षर' जातीबरोबर स्वरचिन्हे आणि अनुस्वार यांनाही प्रवेश द्यायचा.

एवढ्यात भांडी आवरून सौ. आणि मेहुणी बाहेर येऊन बसल्या. सौ.ने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "हे 'कमल' मराठीत चाललं. आमच्या कन्नडात चालेल का?"

"चालणारच," भाचा म्हणाला. "काना-मात्रा नाही ना त्यात."

"अरे, पण कन्नडात 'कमल' असं लिहिलं तर आम्ही ते 'कमला'सारखं शेवटचा अ लावून वाचू. तुम्हा लोकांसारखा 'कमल्' उच्चार हवा तर शेवटच्या 'ल'चा पाय मोडावाच लागतो. मोडून बघ."

त्याने कन्नड लिपीत पाय मोडून 'कमल्' लिहिले. उत्तर आले, 'नाही'. 'अमर्' लिहिले, 'नाही'. जे नाव मराठीत पास होते तेच कन्नडात नापास! मराठीत शेवटचा अ आपण लिहितो आणि उच्चारात गिळतो; कन्नड तो गिळत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात लग्नपत्रिकांपासून रेशनकार्डापर्यंत या पाय मोडण्यावरून आमच्या घरात कितीदा तरी वाद झाले आहेत. पण ते इथे कामाला येईल असे मला सुचले नाही. भाच्याने माहितीपुस्तक काढून पाहिले, तर युनिकोडच्या त्या व्यापक 'अक्षर' व्याख्येतही काना-मात्रा धरलेल्या आहेत, पाय मोडण्याचे चिन्ह मात्र नाही. म्हणजे त्याची तयार दुरुस्ती आणि हा व्यापक अर्थ, दोन्ही इथे अपुरे पडले असते. 'सीमा' सुटली असती, पण 'कन्नड' हा शब्द दोन्ही लिप्यांत अडकलेलाच राहिला असता. जोडचिन्हांची सगळी जातच आत घ्यायला हवी होती.

"दोड्डव्वा, तू आधी का नाही सांगितलंस?" भाचा म्हणाला. सौ. म्हणाली, "यारु केळिदरु?" विचारले कुणी होते?

खरेच होते ते. आम्ही विचारले नव्हते. संगणकावर आपली लिपी आली ती केवळ तंत्रज्ञांनी आणली असे नाही. विंडोजमध्ये देवनागरी लिहिताना 'मंगल' हा टंक वर्षानुवर्षे आपण वापरला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार होते. अक्षरावर प्रेम असलेला माणूस त्या टेबलाशी बसला म्हणून ते जमले. पण प्रत्येक वेळी कुणी मोठा माणूसच बसायला हवा असेही नाही. दोन लिप्यांत रोजचा हिशेब लिहिणारी गृहिणीही पुरते, फक्त तिला विचारायला हवे.

भाच्याने दुरुस्ती बदलली. सोबत तपासणीसाठी नावांची छोटी यादी जोडली: मराठी, कन्नड आणि शेजारधर्म म्हणून गुजरातीही. हे सगळे पाठवून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

नऊ दिवसांनी त्याचा फोन आला. त्या अनोळखी गृहस्थाने आधी एक प्रश्न विचारला होता: हे पाय मोडण्याचे चिन्ह शब्दाच्या शेवटी खरोखर येते का, की चुकून टंकले गेले आहे? भाच्याने दोड्डव्वाचे उत्तर इंग्रजीत लिहून कळवले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती स्वीकारली गेली. खाली दोन शब्दांत आभार होते. "दोड्डप्पा, त्याला आपल्याकडचं एक अक्षरही येत नाही," भाचा सांगत होता, "पण त्यानं ऐकलं." त्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी इतका मोकळा ऐकला. प्रॅक्टिकलचे गुण अर्थातच परत मिळाले नाहीत, आणि त्याने ते मागितलेही नाहीत.

पायथॉनचा मूळ नियम बदलेल की नाही, मला सांगता येणार नाही. त्यासाठी डबे हलवण्याची तयारी असलेली माणसे लागतील आणि आपल्या लिप्या जाणणारी माणसे त्या स्वयंपाकघरात उभी राहावी लागतील. आपल्या घरांतून इंजिनिअर झालेली मुले काही कमी नाहीत. 'आपली लिपीच तशी आहे' असे म्हणून त्यांनी नाव इंग्रजीत टाकले, की तक्रार तिथेच मरते आणि पुढच्या मुलालाही तोच दोष स्वतःचा वाटतो. या मुलांना घरात एकदा तरी विचारून पाहावे, बाबा रे, तुझ्या यंत्राला आजीचे नाव लिहिता येते का? आले नाही तर कुठे अडते?

परवा मेहुणीचा फोन आला होता. गटाचा नवा कागद छापून झाला, देवनागरीत. ती बाई हप्ता भरायला आली, तिने वरून खाली बोट फिरवले आणि अकराव्या ओळीवर थांबली. काही बोलली नाही. सही केली आणि मग म्हणे शेजारणीचे नावही वाचून दाखवले.